रोमन आखाड्याचा पडदा

१२ डिसेंबर १९५५, सोमवार
ह्यांचा हात कापतो! आज माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ह्यांच्या शाळेच्या गॅदरिंगसाठी पडदा रंगवायचाय — अठरा फूट लांब. रोममधला आखाडा, मधे लढणारे गुलाम, भोवती पायऱ्यापायऱ्यांवर बसलेली माणसंच माणसं. कापड मागच्या पडवीत ताणलंय. कमानी पट्टीनं आखल्या, त्या झाल्या. माणसांपाशी आले आणि ब्रश थरथरायला लागला. मला पाहून तो उगाच पाण्यात बुडवला. "गारठा आहे," म्हणाले. प्रभादेवीत गारठा!

१५ डिसेंबर
विचारलंच शेवटी. वर्ष झालं म्हणे. डॉक्टर म्हणतात औषध नाही. वर्गात फळ्यावर स्वतः काढत नाहीत, मुलांना काढायला लावतात. "हेडमास्तरांना कळलं तर घरी बसवतील, उर्मिला. चित्रकलेचा मास्तर आणि हात असा!"
मी उठून चहा टाकला.

१६ डिसेंबर
ब्रश मी घेतला. लग्नाआधी चित्रकलेच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. त्यानंतर बारा वर्षं नुसती रांगोळी. पहिला चेहरा भोपळ्यासारखा झाला. दुसरा हुबेहूब शेजारच्या कमलाबाई! हे हसले. किती दिवसांनी!
ठरलं — तोंडं आपल्या आळीतली, कपडे तेवढे रोमचे.

२० डिसेंबर
दुपारी मामंजी — घरात सगळ्यांचे अप्पा — जाड इंग्रजी पुस्तक घेऊन जवळ बसतात. अप्पांना निवृत्तीनंतर प्रथमच कचेरीत गेल्यासारखं वाटतंय. उन्हासाठी प्रेक्षकांवर मोठं कापडी छत असे, ते ओढायला म्हणे जहाजावरचे खलाशी! बायकांच्या जागा सगळ्यांत वर, पार मागे.
"मग त्यांना दिसायचं काय?"
अप्पांनी पान उलटून पाहिलं. "ते दिलेलं नाही."
मी मागच्या बायका जरा मोठ्याच काढल्या. नियमात बसत नाही. बसो न बसो.

२५ डिसेंबर, रविवार
हरून पडलेला योद्धा जमत नव्हता. रखमा — आमच्याकडे धुण्याभांड्याला करी रोडहून येते — आज नवऱ्याला घेऊन आली. गणपत. गिरणीत विणकर, सुट्टीच्या दिवशी तालमीत. खांदे काय! पडवीत आडवा झाला. मी म्हटलं, आता एक बोट वर करा, हरलेला माणूस असं करायचा.
"म्हंजे माफी मागूची? नाय वयनी. उताणो पडतलंय, पण बोट वर करूचंय नाय!"
अप्पांनी समजावलं — ज्यानं पाडलं त्याच्याकडे नाही मागायची. बसलेल्या लोकांकडे मागायचं, मला जगवा म्हणून.
गणपत वर कौलांकडे बघत राहिला.
"लोकांकडे? लोकांकडे मागूक लाज कसली!"
आणि बोट वर. अर्धा तास हलला नाही. रखमा तोंडाला पदर लावून हसत होती.

८ जानेवारी १९५६
पडदा झाला. हेडमास्तर पाहायला आले. जवळ गेले, लांब गेले. "मनमोहनराव, हे इतकी वर्षं कुठे लपवलं होतंत? जूनपासून चित्रकला विभाग तुमच्याकडे!"
हे खाली बघत होते. मी चहा दिला. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही — का पाहावं?

१७ जानेवारी
काल रेडिओवर सांगितलं. मुंबई महाराष्ट्राला नाही. दिल्लीच्या हाताखाली. अप्पा न जेवता उठले.
आज रखमा आली नाही.

१९ जानेवारी
संचारबंदी. गोळीबार चाललाय म्हणतात. पडदा गुंडाळून माळ्यावर. गॅदरिंग पुढे ढकललं.

२२ जानेवारी
रखमा आली! केस पिंजारलेले. गणपत मोर्चात गेला तो परतलाच नाही. दोन दिवस शोधून हॉस्पिटलात सापडला. मांडीत गोळी. "पाय ऱ्हवतलो म्हणतत, कापूक नको," एवढं म्हणाली आणि भांड्यांना बसली. मी हाताला धरून उठवलं. दोघी नुसत्या बसलो.

२३ जानेवारी
भांडी अप्पांनी विसळली. जन्मात पहिल्यांदा.

१० फेब्रुवारी
उद्या गॅदरिंग, साधेपणानं. हे दोन दिवस नीट जेवत नाहीत. अप्पांनी विचारलं, पोट बिघडलंय का? "नाही अप्पा. उजवा हात." अखेर बोलले!
अप्पा म्हणाले, "ठाऊक आहे. तू बशी डाव्या हातानं उचलायला लागलास तेव्हापासून."

१२ फेब्रुवारी, रविवार
काल पडदा उघडला तेव्हा सगळं सभागृह 'आहा' म्हणालं. एका मास्तरांनी नावं वाचली — "पडदा, श्री. मनमोहन मानकर." माझ्या शेजारून हे उठले. मी सदरा ओढला, तरी उठले.
"नाव चुकलंय. पडदा माझ्या पत्नीनं रंगवलाय. माझ्या हाताला आता रेष येत नाही."
बसले. माना आमच्याकडे वळल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि ह्यांचा हात धरावासाही. धरला. सगळ्यांदेखत!
घरी येताना हिंदमाता थिएटर ओलांडलं. मग म्हणाले, "हलकं वाटतंय."

१५ फेब्रुवारी
शाळेतून दोन पत्रं. ह्यांना मार्चअखेर नोकरीतून मोकळं करताहेत. दुसऱ्या पाकिटावर माझं नाव — चित्रकलेचे तास घेण्यासंबंधी उद्या अकरा वाजता भेटावं. हे दोन्ही पत्रं वाचून म्हणाले, "मी सोडायला येतो."