तिसरी कादंबरी वाचून

प्रिय दादा,

तू पाठवलेली तिसरी कादंबरीही वाचून झाली. हिच्यातही म्हातारी आई सगळं विसरते आणि मुलगी खिडकीशी बसून धुक्याबद्दल पानंच्या पानं बोलते. अरे, हिला खिडकीशी बसायला वेळ मिळतो कुठून? आपली आई चष्मा पिठाच्या डब्यात ठेवते आणि चोरीचा आळ माझ्यावर घेते. त्याबद्दल तुझे हे बक्षीसवाले लेखक चकार शब्द काढत नाहीत.

काल वैतागून मी आईलाच एक प्रकरण वाचून दाखवलं. दोन पानं होताहेत तोच ती म्हणाली, "ही बाई एवढं बोलते, हिला घरात कामं नाहीत का?" मी इतकी हसले की पुस्तक हातातून पडलं. मग तीही हसायला लागली.

हसू ओसरल्यावर तिने विचारलं, "ही पुस्तकं पाठवतं कोण?"

मी तुझं नाव सांगितलं. तिने ते हळूच म्हणून पाहिलं.

"गोड नाव आहे," ती म्हणाली. "मला मुलगा झाला ना, तर हेच ठेवीन."

हे तुला पाठवायचा मला धीर नाही. रविवारी तुझा फोन आला की 'कादंबरी छान होती' म्हणेन, आणि पुन्हा विचारेन, कधी येतोस?

तुझी वैतागलेली,
धाकटी