पहिल्या दिवशीचे पाच शब्द

मी, खाली सही करणार, वय एकावन्न, धंद्याने रग्बीपटू (निवृत्त, म्हणजे काढून टाकलेला), कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दारूच्या थेंबाशिवाय हे लिहून ठेवीत आहे. माझे काय आहे आणि ते कोणाला द्यायचे आहे, हे मला नीट कळते. कायद्याला तेवढे पुरते, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर सामानासह माझ्या एकुलत्या एक मुलीला. अट कोणतीही नाही. तिची आई सोडून गेली त्या दिवशी मी भिंतीला पाडलेले भोक कपाटामागे आहे, ते बुजवून घ्यावे.

२. माझी एक नंबरची जर्सी क्लबला काचेच्या पेटीत ठेवायला हवी आहे. देऊ नये. त्या जर्सीने फरशी पुसावी. चौदा वर्षे मी त्यांच्या स्क्रमच्या, म्हणजे समोरच्या संघाला डोके-खांदे भिडवून रेटण्याच्या, पहिल्या रांगेत डोके घातले. निरोपाला घड्याळ मिळाले, ते आठवड्यात बंद पडले.

३. ते घड्याळ आमच्या कॅप्टनला, जो आता क्लबचा व्यवस्थापक आहे. कारण सांगतो. हंगामाच्या पहिल्या दिवशी क्लबचे डॉक्टर प्रत्येकाला पाच शब्द सांगत आणि थोड्या वेळाने विचारीत. पुढे डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा. पहिल्या दिवसापेक्षा कमी आठवले, तर तीन आठवडे बाहेर. कॅप्टनने मला पहिल्याच वर्षी कानमंत्र दिला, "आज मठ्ठ हो. दोनच सांग. मग वर्षभर कितीही आपट, कोण बाहेर काढतंय तुला!" आम्ही सगळे खो खो हसलो. मी चौदाही वर्षे दोनच सांगितले. मार लागल्यावर समोर कोणता संघ आहे ते कळत नसे, पण दोन शब्द येतच.

डोक्याला बसलेल्या मारांनी माझी स्मरणशक्ती गेली, म्हणून गेल्या वर्षी मी क्लबकडे दाद मागितली. कॅप्टनच्याच सहीने उत्तर आले: आमच्या नोंदींप्रमाणे आपली स्मरणशक्ती पहिल्या दिवसापासून अधू होती. हरामखोर.

४. मी मेल्यावर माझा मेंदू हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेला द्यावा. डोक्याला मार बसून बसून मेंदूला होणारा हा आजार कापून पाहिल्याशिवाय पक्का ठरत नाही. यासाठी मुलीची सही लागते, आणि ती म्हणते, "बाबा, आता तरी तुमच्या डोक्याला कुणाला हात लावू देणार नाही मी." पोरी, ही अट नाही, विनवणी आहे. तू अकरा वर्षांची असताना मी तुला शाळेच्या फाटकाशी विसरलो. बापाला आपली पर्वा नाही, असे तू धरून बसलीस. प्रयोगशाळेचा कागद क्लबच्या आधी तू वाच.

५. बूट कोणालाही देऊ नयेत.

साक्षीदार दोन: शेजारचा न्हावी, आणि माझे आत्ताचे डॉक्टर. सही करण्यापूर्वी डॉक्टरांनी मला पाच शब्द सांगितले आणि चहा होईपर्यंत थांबून विचारले. मला दोन आठवले. मुलगी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिला मी सांगितले, की आज मी पाचही सांगायला बघत होतो. तिने हॉस्पिटलचा फॉर्म मागितला. तो कुठे ठेवला ते मला सांगता येईना. तिनेच शोधला आणि सही केली.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
तारीख, न्हाव्याला विचारून: चौदा मार्च, गुरुवार.

(सही) लिहून ठेवणार
(सही) साक्षीदार, न्हावी
(सही) साक्षीदार, डॉक्टर