हमदीची फिल्म

३ मार्च १९७९
नवरा लझहर शेवटचा खाणीत उतरला त्या सकाळी मी कणीक मळली, कोंबड्यांना कोंडा घातला आणि लझहरच्या बनियनला ताईत शिवला. कातड्यात वाकडा खिळा. खाणीतून माणसाला घरी आणतो, असं आमच्याकडे मानतात. त्याच दिवशी बोगदा कोसळला. सहा वर्षं झाली, तो सापडलेला नाही.

आज गफ्सा शहराच्या वाटेवरच्या दवाखान्यात कामाला लागले, एक्स-रेच्या खोलीत. पांढऱ्या भिंती, पुदिन्याचा चहा. खाणकामगारांचे सदरे, साखळ्या, ताईत उतरवून घ्यायचे, फिल्मच्या पाकिटावर नाव घालायचं. फोटो काढणारे साहेब, सी बशीर, हसून म्हणाले, "खाला मबरूका, ताईत मागितला की हे बाप्ये नवरीसारखे लाजतात."

९ मार्च
सी बशीर समजावून सांगतात. किरण मांसातून पार जातात. हवेने भरलेलं फुप्फुस काळं दिसतं. हाड त्यांना अडवतं, म्हणून पांढरं. लोखंड सगळ्यात पांढरं. फुप्फुसात धूळ साचलेली दिसली की डॉक्टर माणसाला खाणीत उतरू देत नाहीत. मी सगळं वहीत उतरवलं. अक्षरं मी लग्नानंतर एकटीनेच शिकले.

१४ मार्च
खाणकामगार सालेमच्या फिल्मवर गळ्याच्या हाडाखाली वाकडा खिळा. सी बशीर ओरडले, खाला, डोळे घरी ठेवून आलीस का, ताईत राहिलाच कसा! पण सालेम कमरेपर्यंत उघडा होता. मी पाहिलं होतं.

१७ मार्च
सालेम बोगद्यातून वर आला नाही.

२२ मार्च
आज तय्यबच्या फिल्मवर. तोच खिळा. तोच बाक — लझहरच्या ताइतासाठी मी दाराच्या उंबऱ्यावर ठोकून दिलेला.

२५ मार्च
तय्यबही गेला.

२६ मार्च
मुनीर आला. माझा मुलगा. म्हणाला, आई, तुझ्या भाकरीने फुप्फुसालाही पोट सुटलं असेल बघ. फुप्फुस स्वच्छ. गळ्याखाली खिळा. म्हटलं, उतरू नकोस. तो हसला. उद्या दुपारी पाळी —

२७ मार्च
सकाळी दवाखान्यातलं जुन्या फिल्मचं कपाट उघडलं. गेल्या वर्षी खोकून मेलेल्या हमदीची फिल्म काढली. धूळच धूळ. खिळा नाही, दोनदा पाहिलं. मुनीरची काढून ती त्याच्या पाकिटात घातली. आता डॉक्टर त्याला उतरू देणार नाहीत.

डॉक्टरांना देण्याआधी ती पुन्हा दिव्यासमोर धरली. हमदीच्या बरगड्या, धूळ, आणि गळ्याखाली —