रोजनाम्यात हजर

लातूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

नमस्कार. काकूंनाही माझा नमस्कार सांगावा. थंडी उतरली आहे, तुमचा गुडघा आता कमी दुखत असेल.

मी बरी आहे. होस्टेलला पाणी एक दिवसाआड येतं, पण येतं. मेसच्या मावशींनी अखेर ज्वारीची भाकरी सुरू केली. एलएल.एम.चं चौथं सत्र चालू आहे. प्रबंध आणि तोंडी परीक्षा एवढंच राहिलं. बाबांची तूर निघाली. त्यांनी तुमच्यासाठी डाळ बाजूला काढली होती. ती पाठवू नका, असं मी त्यांना सांगितलं. का, ते सांगितलेलं नाही.

फोन केला असता. पण मागच्या फोनवर तुम्ही वीस मिनिटं बोललात आणि मी 'हो सर', 'हो सर' म्हणत राहिले. म्हणून पत्र.

तुम्हाला माहीत असलेलंही लिहिणार आहे. समोरच्याला माहीत आहे म्हणून दाव्यातली हकीगत गाळायची नसते, हे तुमच्याच टेबलाशेजारी बसून शिकले.

हसीनाबी देगलूरच्या तुमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मला सनद मिळून तीन वर्षं झाली होती. त्यांचा नवरा गेला होता, मुलगी मनतशा दहावीला होती आणि दीर जलील मधली भिंत पाडून त्यांच्या दोन खोल्या आपल्या गाळ्यांत घ्यायच्या म्हणत होता. तुम्ही फाइल माझ्याकडे सरकवलीत. "वकीलपत्रावर तुझं एकटीचं नाव टाक. माझं नको. पहिली केस स्वतःच्या नावानं पाहिजे." मी त्या वकीलपत्राची झेरॉक्स घरी नेली. आईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, यात तुझं नाव कुठलं? मी दाखवलं. ती बराच वेळ तेवढ्याच जागी बघत होती.

मनाई हुकूम मिळाला तेव्हा तुम्ही बाररूममध्ये सगळ्यांना चहा पाजलात.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही एलएल.एम.चं काढलंत. "इथं तारखा घेऊन घेऊन म्हातारी होशील. डोकं हाय तुला. शिकवायला जा." बाबांना बोलावून घेतलंत. बाबा तुमच्या ऑफिसात कधी खुर्चीवर बसले नाहीत. त्या दिवशीही दाराला टेकून उभे होते. "सर म्हणतेत तर जाऊ द्या की," एवढंच ते बोलले. शिफारसपत्र तुम्ही स्वतः टाइप केलंत, कारकून चंद्रप्पामामांना करू दिलं नाहीत. मी ते अजून जपून ठेवलं आहे. त्यात माझ्याविषयी 'निःसंशय प्रामाणिक' असे शब्द आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी चंद्रप्पामामांनी कोऱ्या लेजर पेपरचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "ताई, खाली सह्या मारून ठिवा. मुदतीचा अर्ज द्यायचा म्हणलं तर सहीसाठी लातूरला पळू का मी?" देगलूरला सगळे ज्युनिअर असंच करतात. आठ दिवस लग्नाला गेले तरी करतात. मी दहा-बारा कागदांच्या तळाशी 'वादीतर्फे वकील' असं लिहिलं आणि सह्या केल्या. तुम्ही समोर बसला होतात. चष्मा वर करून म्हणालात, "सही जरा वर येऊन राहिली. खाली घे. मजकुराला जागा ठेव."

तेव्हा मला त्यात काळजी दिसली.

इथं लुंबिनी मॅडम माझ्या मार्गदर्शक आहेत. नुसत्या पुस्तकांवर प्रबंध लिहिलेला त्यांना चालत नाही. त्यांनी विषय सुचवला: बायकांनी मालमत्तेसाठी लावलेले आणि निकालाआधी काढून घेतलेले दावे. तुझ्याच कोर्टातले तीस दावे घे, म्हणाल्या, आणि का काढून घेतले ते शोध. मागच्या ऑगस्टमध्ये मी कोर्टाच्या वेबसाइटवरून यादी करायला बसले. तेविसाव्या ओळीत माझं नाव आलं. वादी हसीनाबी, वकील पुनम मरखेलकर. दावा काढून घेतल्याने निकाली. तारीख १४ डिसेंबर २०२३.

मी नक्कल मागवली. दावा काढून घेतल्याची पुरसीस चार ओळींची होती. वादीला सदर दावा पुढे चालवायचा नाही, सबब तो काढून घेत आहोत. अक्षर तुमचं. चार वर्षं तेच अक्षर वाचून मी टायपिंग केलं आहे. खाली माझी सही. मजकुराला जागा पुरली होती.

कोर्टाच्या त्या दिवसाच्या रोजनाम्यात नोंद आहे: वादीतर्फे वकील हजर. १४ डिसेंबरला गुरुवार होता. अकरा ते एक मी लातूरला संशोधनपद्धतीच्या तासाला बसले होते. हजेरीपटावर माझी सही आहे. देगलूरच्या कोर्टात माझ्या जागी कोण उभं राहिलं ते तुम्हाला माहीत आहे. वादी कुठे आहे, असं न्यायाधीशांनी विचारलं नसेल. तुम्ही उभे असताना मीही विचारलं नसतं.

त्याच वेबसाइटवर आणखी एक गोष्ट दिसली. जलीलच्या गाळ्यांचे भाडेकरूंशी पाच दावे आहेत. पाचही दाव्यांत आता तुमचं वकीलपत्र आहे. पहिलं १८ डिसेंबरचं.

दिवाळी झाल्यावर हसीनाबी मनतशाला घेऊन उदगीरमार्गे बसनं इथं आल्या. तोवर अकरा महिने त्या दर तारखेला तुमच्या ऑफिसात येत होत्या आणि पुढची तारीख घेऊन जात होत्या. कोर्टात नसलेल्या दाव्याची तारीख. मग जलीलनं भिंत पाडली. मनाई असताना कशी पाडली म्हणून मनतशानं फोनवर दाव्याचा नंबर टाकला, तेव्हा दावा निकाली निघालेला दिसला.

होस्टेलच्या फाटकाजवळ बाकडं आहे, तिथं बसलो. हसीनाबींनी पिशवीतून पुरसिशीची नक्कल काढली.

"बेटा, मला एकच सांग. ही दस्तखत तुझी हाय का न्हाई?"

"सही माझी आहे, पण—"

"मग 'पण' कशाला लावून राहिल्या?" मनतशा म्हणाली.

"चूप बस," हसीनाबी तिला म्हणाल्या. "वकील हाय ती आपली."

मी 'बघते' म्हणाले. पुढच्या महिन्यात फोन करा, असंही म्हणाले. त्या दुपारच्या बसनं परत गेल्या.

त्या दिवशीच मी तुम्हाला फोन केला. तुमचं बोलणं मला जवळजवळ पाठ आहे. "अगं, तो दावा टिकणारा नव्हता. बाईची पंधरा वर्षं गेली असती त्यात. जलीलनं जबान दिली व्हती मला, भावजयीला बाहेर काढणार न्हाई म्हणून. आता तो फिरला, त्याला मी काय करू?" मी 'हो सर' म्हटलं. "आणि कोऱ्या कागदावर सह्या करणाऱ्या वकिलाला बार कौन्सिल काय म्हणंल, ते तू एलएल.एम.ला शिकली असशीलच." हो सर. मग तुमचा आवाज खाली आला. "नांदेडला आपल्या ओळखीच्या कॉलेजात जागा निघून राहिली. कमिटीवर आपलीच माणसं हाईत. नेट काढ. मी बोललोय."

हो सर.

इथवरची हकीगत तुमची होती. आता माझी.

ऑगस्टमध्ये नक्कल हातात पडल्यावर मी कोणाला काही सांगितलं नाही. तुम्हालाही विचारलं नाही. आधी वाटलं, काहीतरी कारण असेल, सर सांगतील. मग वाटलं, न विचारलेलं बरं. प्रबंधाच्या तक्त्यात शेवटचा रकाना आहे, 'दावा काढून घेण्याचं कारण'. बाकीच्या दाव्यांसाठी मी गावोगाव फिरले, बायकांना भेटले, त्यांनी सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहिलं. तेविसाव्या ओळीत लिहिलं, 'आपसांत मिटलं'. ऑक्टोबरमध्ये तक्ता मॅडमना दिला. हसीनाबी तेव्हा अजून तुमच्याकडे तारखेला येत होत्या. मी एक फोन केला असता तर भिंत उभी असती.

त्या इथं येऊन गेल्यावरही मी दोन महिने नेटचा अभ्यास केला. जानेवारीत परीक्षा दिली. नांदेडचा तो वर्ग मी कधी पाहिलेला नाही, पण त्यातला फळा मला दिसत होता.

जानेवारीच्या अखेरीला मॅडमनी बोलावलं. तक्ता उघडा होता. त्यांनी तेविसाव्या ओळीवर पेन्सिल ठेवली.

"वकिलाचं नाव तुझंच दिसतंय."

"हो मॅडम."

"कारणापुढे स्रोत दिलेला नाहीस. तुला माहीत नाही, की लिहायचं नाही?"

त्यांनी फाइल माझ्याकडे दिली. "ही ओळ काढून तीसचे एकोणतीस केलेस तरी नियमात बसतं. कोणी विचारणार नाही. तुझं तू बघ." एवढं बोलून त्या तासाला निघून गेल्या. त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी देगलूरला आले. तुमच्याकडे आले नाही. चंद्रप्पामामांना बसस्टँडवर बोलावलं. ते आले, चहा घेतला नाही. "ताई, मी कागद काढून दिला, तेवढंच. लिहिलं सरांनी." मग म्हणाले, "बाईला तारखा मात्र मीच दिल्या. चप्पल बाहेर काढून आत येत व्हती ती. तिला काय सांगू, सांगा तुम्ही." त्यांना दोष देऊ नका. मी विचारलं नसतं तर ते बोलले नसते.

हसीनाबींचं वकीलपत्र देगलूरच्या बारमध्ये कोणी घेतलं नाही. तिघांनी तुमचं नाव ऐकून फाइल मिटली. शेवटी नांदेडचे भुजंग वकील तयार झाले. दावा काढून घेतल्याचा हुकूम रद्द करून तो पुन्हा चालवावा, असा अर्ज आम्ही परवा शुक्रवारी दिला. सोबत माझं शपथपत्र आहे. मी कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या, पुरसीस मी लिहिलेली नाही, त्या दिवशी मी कोर्टात नव्हते, वादीनं मला असं काही सांगितलं नव्हतं. हजेरीपटाची प्रत जोडली आहे. सनद राहील की जाईल, सांगता येत नाही. कॉलेजलाही कळेल. तक्त्यातली ओळ मी दुरुस्त केली आहे, आणि मॅडमनी ती ठेवून घेतली.

ऑगस्टपासून मला माहीत होतं, हे शपथपत्रात नाही. भुजंग वकील म्हणाले, "ते कोणी विचारलेलं नाही. कशाला लिहिता?"

कोर्टातून मी हसीनाबींच्या घरी गेले. भिंतीच्या जागी त्यांनी दोन चादरी जोडून बांधल्या आहेत. पलीकडे जलीलच्या गाळ्यातली माणसं बोलतात ते सगळं ऐकू येतं. त्या तांदूळ निवडत होत्या. मी त्यांना ऑगस्टचं सांगितलं. तक्त्याचंही सांगितलं. त्यांचा हात ताटात थांबला.

"म्हंजी तू बी तारीखच देत व्हतीस," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा निवडायला लागल्या.

संध्याकाळी बसमध्ये असताना भुजंग वकिलांचा फोन आला. जलीलनं या अर्जात नवा वकील दिला आहे आणि वकीलपत्र तुमच्या नावाचं आहे. हसीनाबींच्या वकीलपत्रावर तुमचं नाव कधीच नव्हतं, त्यामुळे कागदावर तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. हेही तेव्हाच ठरलं होतं का, असं मनात आलं. ते मी बाजूला ठेवलं.

तेव्हा २४ तारखेला, या अर्जाच्या सुनावणीत, माझी उलटतपासणी तुम्ही घ्याल.

सर, ऑगस्टचं तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे. विचारा. पाच महिने गप्प का बसलात, असं विचारा. नोकरीसाठी का, असं विचारा. तक्त्यात खोटं लिहिलंत ना, असं विचारा. मी तिन्हीला 'हो' म्हणेन. शपथपत्रात नसलेलं कोर्टासमोर यायला आता दुसरा रस्ता नाही, आणि ते तुमच्याइतकं नीट कोणी विचारणार नाही.

साक्षीदाराला मात्र वकिलाला प्रश्न विचारता येत नाही. म्हणून इथं विचारते. आधी काय ठरलं होतं, दावा काढून घ्यायचं, की मला लातूरला पाठवायचं? त्या शिफारसपत्रातलं एखादं वाक्य खरं असेल तर मला कळायला हवं. उत्तर कोर्टात देऊ नका. बाबांना द्या. ते अजून तुमच्या दाराशी उभे राहतात.

हे पत्र रजिस्टरनं पाठवते. पुराव्यात निशाणी म्हणून दाखल करायचं असेल तर करा, माझी हरकत नाही.

कळावे. पुढचं 'लोभ असावा' आज लिहीत नाही.

पुनम रामलिंग मरखेलकर