तळ्यावरची केबिन बंद करण्याची आकृती

डलूथ, १९ ऑक्टोबर

प्रिय आयलीताई,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सर्व क्षेम आहे (केबिनमधला हीटर सोडून, त्याच्याकडे क्रमाने येतो).

एक गोष्ट तुझ्याही लक्षात आली असेल. टिपणांच्या ॲपमध्ये आकृती करताना तळाशी नवा चौकोन घातला, की वरचे चौकोनही जागा बदलतात. असे का? कारण फार सुंदर आहे! आपण तिथे चित्र काढतच नसतो. कोणत्या चौकोनाकडून कोणत्या चौकोनाकडे बाण जातो, एवढेच आपण ओळींत लिहितो; डावीकडे कोण बसणार आणि उजवीकडे कोण, हे ॲप स्वतः ठरवते. (तीस वर्षे फळ्यावर खडूने आकृत्या काढलेल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला हा केवढा दिलासा!)

हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून केबिनमधले पाणी काढण्याची बाबांची पद्धत (ते बोलत, आपण धावत) मी अशीच एकोणीस चौकोनांत बसवली आणि यंदा वायनो भावोजींच्या हाती दिली. त्यांची बाजू तू ऐकली असशीलच. ही शास्त्रीय बाजू. 'पंप बंद करा' इथून मी दोन बाण काढले होते. एक 'गरम पाण्याची टाकी रिकामी करा' याकडे, दुसरा 'हीटरची वीज तोडा' याकडे. ॲपने टाकीला डावीकडे बसवले, विजेला उजवीकडे. भावोजींनी डावीकडून सुरुवात केली. टाकी रिकामी केली, सॉना झाडला, दोन कप कॉफी घेतली आणि मग ते उजवीकडे वळले. तोवर कोरड्या टाकीत हीटर एकटाच तापत होता.

"काय रे मास्तर, तुझ्या चित्रात होतं तस्संच केलं," ते फोनवर म्हणाले.

"भावोजी, चौकोनाच्या जागेला अर्थ नसतो. अर्थ बाणाला असतो."

"असं होय? मग हा जळका वास कुठल्या बाणातून येतोय?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना बावीस मिनिटे दिले. (अकराव्या मिनिटाला फोन तुटला असावा, तिकडे सिग्नल कमी येतो.)

वसंतात केबिन उघडण्याचे काम किल्लीसकट शेजारच्या ऑर्विलकडे सोपवायचे तुझ्या मनात आहे, असे कळले. ऑर्विल सज्जन आहे. पण तो नळ हाताने चाचपून पाहतो. चाळीस वर्षांत त्याच्याकडचे काही फुटलेले नाही हे मान्य; मात्र याला पद्धत म्हणत नाहीत.

तुझा धाकटा भाऊ,
आर्व्हो

ता. क. ॲपचा काही दोष नव्हता. 'वीज तोडा' इथून 'टाकी रिकामी करा' याकडे एक बाण हवा होता. तो मी काढला नव्हता. भावोजींना हे सांगायलाच हवे असे नाही.

आणखी ता. क. माझ्याकडून किल्ली परत मागण्यापूर्वी वसंतासाठी केलेली माझी नवी आकृती एकदा तपासून पाहा. शेजारी-शेजारी बसलेल्या कोणत्याही दोन चौकोनांवर एकेक बोट ठेव आणि स्वतःला विचार, "यातलं कुठलंही आधी केलं तर चालेल का?" एकदा जरी 'नाही' असे उत्तर आले, तर तिथे बाण काढायचा राहून गेला आहे, मग किल्ली खुशाल ऑर्विलला दे. (आज सकाळी मी स्वतः हीच चाचणी केली. म्हणून आकृती सोबत जोडलेली नाही.)