पायांच्या मापांचा बॅकअप

३ मार्च
लिहायचं कारण एकच. आमच्या कृत्रिम पायांच्या कारखान्यात सगळ्या गिऱ्हाइकांची मापं ऑफिसच्या एकाच कॉम्प्युटरात आहेत, दुसरी प्रत कुठेच नाही. भाऊजींना हे आज सुचलं. कारखाना त्यांचा, ऑफिस माझं. म्हणाले, महिनाअखेर पूर्ण बॅकअप झाला नाही, तर ऑफिस सूनबाई बघेल. म्हणजे माझीच सून. उद्याच उरकते.

४ मार्च
उद्याच नको. आधी प्लॅन. घाईची कामं मला जमत नाहीत, हा माझा गुण आहे.

९ मार्च
प्लॅनवर मीटिंग. लेथवाला झोपला. सूनबाईने विचारलं, कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकदा उघडून बघायची ना? बांधलेलं बोचकं कोणी सोडून बघतं का? तिला सौम्य शब्दांत गप्प केलं. हे म्हणतात, सौम्य नव्हते. हे मीटिंगला नव्हतेच, भिंतीपलीकडे होते.

१७ मार्च
नवी डिस्क आणली. तिच्यावर लेबल लावलं. अक्षर मनासारखं येईना, म्हणून परत लावलं. आज एवढंच. पण पाया पक्का झाला.

२९ मार्च, दुपारी
बॅकअप झाला. स्क्रीनवरची फाइलींची सगळी छोटी चित्रं निवडली, डिस्कवर ओढली, चहा यायच्या आत काम फत्ते. लोक उगाच बाऊ करतात. डिस्क जवळजवळ रिकामीच राहिली. टापटीप असली की पसारा कमी होतो. सूनबाई म्हणाली, आई, इतक्यात? मी म्हटलं, एकेकाचा उरक असतो.

६ एप्रिल, सकाळी
कॉम्प्युटर बसला. आतली डिस्क जळली. भाऊजींचा चेहरा उतरला. एका पोस्टमनचा पाय करायला घेतलाय, सोमवारी तो कामावर रुजू होणार, आणि मापं आत. मी शांतपणे कपाट उघडलं. अशा वेळीच माणसाची किंमत कळते.

६ एप्रिल, संध्याकाळी
दुरुस्तीवाल्याने माझी डिस्क लावून पाहिली. म्हणाला, "बाई, हे नुसते पत्ते आहेत. घरं जळलेल्या डिस्कमध्येच राहिली." म्हणजे चित्रं आली, फाइली आल्याच नाहीत. लेबल मात्र सुबक आहे, असंही तो म्हणाला. सूनबाईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. हे मला आवडलं नाही.
भाऊजींनी पोस्टमनला फोन केला, पाय सोमवारी मिळणार नाही. पलीकडून तो म्हणाला, "मग टपाल कुबड्यांवर वाटू का?" भाऊजींनी फोन माझ्या हातात दिला. मी तीनदा हॅलो म्हटलं आणि ठेवून दिला. लाइन खराब असावी.

८ एप्रिल
सूनबाईच्या ताब्यात दिलं: ऑफिसची किल्ली, प्लॅनची फाइल, डिस्क (जवळजवळ नवी), माझी खुर्ची.
माझ्या ताब्यात आलं: मोजपट्टी. सगळ्यांची मापं पुन्हा घ्यायची आहेत. पोस्टमन बाहेर बाकावर बसलाय.