चाळिसातले सहा बांबू

रविवार, बारा तारीख
सकाळ

प्रिय ताई,

तुझं पत्र मंगळवारीच मिळालं. डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं, बरं झालं. भाऊजींना म्हणावं, पट्टी सुटेपर्यंत हिच्यावर नजर ठेवा, नाहीतर ही एका डोळ्याने भांडी घासत बसेल. इथे सगळं ठीक. यांचा खोकला चालूच आहे. लेकीने न विचारता केस कापून घेतले, म्हणून मी दोन दिवस रुसून पाहिलं. तिच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या देखरेखीखाली झालेला बांबूचा पूल छान दिसतो. परवा वरच्या वस्तीतले लोक बघायला आले होते, त्यांनाही तसाच हवाय. नदीकाठचा बांबू तोडला तर चार वर्षांत पुन्हा उभा राहतो, सिमेंट कुठे उगवतं, हे माझंच सभेतलं वाक्य आता ते मला ऐकवतात.

दोनदा बोलावलंस, दोनदा मी टाळलं. एकदा लेकीची परीक्षा सांगितली, एकदा माझा ताप. परीक्षा तेव्हा संपली होती. ताप आलाच नव्हता.

ताई, मला रोज सकाळी पुलाखाली जावं लागतं.

बांबूला कीड लागू नये म्हणून तो बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्याआधी लांब सळईने गाठींचे आतले पडदे फोडायचे, म्हणजे पाणी टोकापासून टोकापर्यंत शिरतं. पुलाच्या चाळीस बांबूंतले शेवटचे सहा उरले असताना सळई मोडली. नवी यायला चार दिवस लागणार होते आणि उद्घाटन तोंडावर आलेलं. मी मिस्त्रींना म्हणाले, सहाच तर आहेत, तसेच बुडवा. ते सावकाश म्हणाले, "बाई, सही तुमची." बाहेर काढल्यावर सगळे सारखेच दिसले. कुठले कुठे बसले, कुणी टिपून ठेवलं नाही.

दोन महिन्यांनी खालच्या दगडांवर पिठासारखा भुसा दिसला, आणि बांबूला टाचणीएवढी भोकं. मी झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हापासून शाळेची मुलं यायच्या आत मी झाडू घेऊन तिथे हजर. मुलं वरून हाका मारतात, पूलमावशी! त्यांच्या बाई म्हणाल्या, किती जपता हो पुलाला. मी हसले. एक दिवस गावाला गेले तर भुसा कुणाच्या तरी नजरेस पडेल, या धास्तीने मी इथून हलले नाही.

भुसा चारच बांबूंखाली पडायचा. उरलेले दोन कुठले? ठोकून ठोकून आवाज ऐकायची. भीतीने सगळेच पोखरलेले वाटायचे.

सांगावं तर लोक म्हणणार, बांबूच वाईट. वरची वस्ती सिमेंटकडे वळणार. असं स्वतःला समजावत अडीच महिने काढले. खरं तर लाज वाटत होती, बाकी काही नाही.

आज एका बांबूवर अंगठा दाबला तर तो आत गेला. त्या बांबूखाली भुसा कधी पडलाच नव्हता.

तशीच मिस्त्रींकडे गेले. ते दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण, तसेच म्हणाले, "मला वाटलं, अजून झाडत बसणार तुम्ही."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"तुम्ही झाडत होता, मी बघत होतो. कुणी कुणाला काय बोलायचं?"

दोघांनी मिळून पुलाच्या दोन्ही तोंडांना दोर बांधले. ते म्हणाले, पाटीवर 'दुरुस्तीसाठी बंद' एवढंच लिहा. मी लिहिलं, सहा बांबू माझ्या घाईमुळे कच्चे राहिले. खाली सही केली. आता दोराजवळ बसून हे लिहिते आहे. दूधवाला पाटी वाचून सायकल वळवून गेला. उद्या मुलांना पाऊण तासाचा वळसा पडेल, त्यांच्या आया येतील. गुरुवारी तुला आत नेतील तेव्हा मी समितीपुढे उभी असेन. म्हणजे येणं याही वेळी नाहीच.

हे पोचेल तेव्हा तुला वाचायची बंदी असेल, भाऊजीच वाचून दाखवतील. तुला एकटीला सांगायचं होतं, पण ती सोय आता गेली. भाऊजी, मधलं काही गाळू नका.

तुझ्या उशाशी असायला हवी होती ती,
धाकटी